इंगळे सिस्टरांची डाळ

इंगळे सिस्टरांच्या पर्समध्ये तुरीची डाळ असायची. घराची किल्ली, चष्मा, एसटीची जुनी तिकिटं आणि प्लॅस्टिकच्या एका डबीत मूठभर डाळ. परगावी कोणाच्या लग्नाला गेल्या तर मांडवात बसायच्या आधी त्या आचाऱ्याकडे जायच्या, ड्रममधलं पाणी ओंजळीत घेऊन चाखायच्या आणि विचारायच्या, "डाय शिजते का बे या पान्यात?" आमच्या बोलीत ळचा य होतो. आचारी हसायचे. सिस्टर हसायच्या नाहीत. त्यांना हसताना मी फार तर चारदा पाहिलं असेल, आणि त्यातलं एक हसू मी त्यांना फसवलं त्या सकाळचं आहे.

गेलेल्या माणसाविषयी हात जोडून लिहायची पद्धत आहे. मला ते जमणार नाही. सिस्टरांचा मला राग आहे. स्वतःचा त्याहून जास्त आहे, आणि आमच्या गावातल्या सहा शहाण्या माणसांचा किती आहे ते पुढे येईलच.

आधी पाण्याचं सांगतो, नाहीतर बाहेरच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही. आमचं जळगाव जामोद सातपुड्याच्या पायथ्याला. डोंगराकडच्या विहिरींचं पाणी गोड. पण गावाच्या दक्षिणेला, पूर्णा नदीकडे उतरत गेलं की पाणी खारं होत जातं. त्या पट्ट्याला आम्ही खारपाण म्हणतो. तिथल्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, चहा फाटतो आणि तुरीची डाळ तासभर उकळली तरी दाताखाली कडक लागते. सिस्टरांनी नोकरीची पहिली चौदा वर्षं खारपाणातल्याच एका खेड्यात, आरोग्य उपकेंद्रात काढली. तेच माझ्या आईचं माहेर. आई पहिल्या बाळंतपणाला तिथे गेली आणि मी सिस्टरांच्या हातावर जन्मलो.

हे त्या कधी विसरल्या नाहीत आणि मलाही विसरू दिलं नाही. पुढे त्यांची बदली आमच्या गावच्या दवाखान्यात झाली. बाजारात, बँकेच्या रांगेत, कुठेही दिसलो की मोठ्यानं सांगायच्या, "याले म्या काढलं. उलटा होता. अजूनई उलटाच हाय." पंचविशीच्या आतल्या अर्ध्या गावाला त्या असं काहीतरी ऐकवायच्या. कोणाची नाळ गळ्याभोवती होती, कोण जन्मल्यावर रडलाच नव्हता, सगळं त्यांना पाठ. त्यामुळे त्यांच्यासमोर कोणी फार ताठ चालत नसे.

माझं तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान. दिवसभर दुसऱ्यांच्या सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढून काढून मला वाटायला लागलं की जमिनीतलं आपल्याला कळतं. हा मूर्खपणा आमच्याकडे बऱ्याच जणांना होतो, पण मला जरा जास्तच झाला. खामगावचे एक दलाल, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, माझ्याकडे कागद काढायला येत. एक दिवस ते स्टुलावर टेकले आणि म्हणाले, "गजूभाऊ, किती दिवस लोकाइचे कागद काढशीन? चार एकर हाय, डांबरी रोडले लागून. मालकाले इसार दे, सहा मयन्यांची मुदत घे अन् सात पार्टनर गोया कर. जमीन दुसऱ्याची, पैसा दुसऱ्याचा, डोकं आपलं."

चार एकर दक्षिणेच्या रस्त्याला होती. म्हणजे खारपाणाच्या तोंडाशी. मी खारपाणातच जन्मलेला माणूस, मला हे कळत नव्हतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? कळत होतं. पण नव्या मशीनसाठी साठवलेले सगळे पैसे मी मालकाला इसार म्हणून देऊन बसलो. सहा महिन्यांत बाकीची रक्कम उभी राहिली नाही तर इसार बुडणार होता.

मग मी पैसे लावणारी माणसं शोधायला निघालो. हायस्कूलचे देशमुख सर नकाशा उलटासुलटा करून म्हणाले, "वा. छानच हाय. अजून कोन कोन हाय यात?" वेल्डिंगवाले सलीमभाई म्हणाले, "गजूभाई, पैसा तो है. लेकिन पयले कोन?" मेडिकलवाल्यानं तर स्पष्टच सांगितलं, "सहा झाले की सातवा मी." दोन महिने मी हेच ऐकत हिंडलो. प्रत्येकाला सातवं व्हायचं होतं. आणि प्रत्येक जण शेवटी चहाचा कप खाली ठेवता ठेवता एकच विचारायचा, "इंगळे सिस्टर हायेत का?"

कारण सिस्टर नुकत्याच रिटायर झाल्या होत्या आणि त्यांच्या पैशांची काळजी सगळ्या गावाला लागली होती. लग्न केलेलं नाही, एक भाचा चिखलीला, बाकी कोणी नाही. अण्णा म्हणाले, "लेका, एवढं सोपं हाय मंग. म्हातारी आली का गाव आलं."

मी त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्यांत गेलो. नकाशा पसरला आणि अण्णांनी पढवलेलं सगळं घडाघडा बोललो. पाच वर्षांत दुप्पट, बायपास होणार, कॉलेज येणार. सिस्टर तांदूळ निवडत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "दुप्पट-तिप्पट तुह्या देशमुख सराले सांग. मले येक कोपरा पाह्यजे, घर बांधाले. चाळीस वर्स झाले, कधी क्वार्टर, कधी भाड्याची खोली. भिंतीत खिळा ठोकाचा तर घरमालकाले इचारा लागते." मग तांदूळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "पन पयले पानी पाहू."

मी घाबरून म्हणालो, "सिस्टर, पाण्याचा नमुना तपासायला पाठवू की." मनात म्हटलं, तपासणीत दिवस जातील, तोवर अण्णा काहीतरी करतील. त्यावर त्या जे भडकल्या! "नमुना? सात खेपा पाठवला होता म्या, त्या खेड्यातून. सातई वेळा कागद आला, पिन्यास योग्य. इकडे लोकाइच्या पोटात खडे, पाय सुजून राह्यले, दोन घरातले कर्ते मानसं किडनी जाऊन मेले, अन् कागद म्हनते योग्य. कागदाले इचारू नोको बे. डायले इचार."

त्यांचा हा राग खरा होता, आणि तोच आम्ही वापरला. एकदा सरकारी कागदानं फसवलेली बाई पुन्हा कागदाकडे जाणार नव्हती. ती डाळीकडे जाणार, हे आता आम्हाला माहीत होतं. मी अण्णांना फोन करून सगळं सांगितलं. अण्णा पोट धरून हसले.

वैशाखाचे दिवस होते. जमिनीतली विहीर जुनी आणि अरुंद, तळाशी चार-पाच फूट पाणी, झरे जवळजवळ आटलेले. एक दिवस सकाळपासून मोटर लावून ती कोरडी केली. दुपार कलताना डोंगराकडून गोड्या पाण्याचे टँकर आले. अण्णा बाभळीखाली पान चघळत बसले होते. टँकरचा पाइप विहिरीत मी धरला होता, माझ्या या हातांनी. पाणी पडत होतं आणि मी मनात म्हणत होतो, धंद्यात सगळेच करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या. सोबत दोरी, कडीचा डबा, पातेलं आणि पर्स. स्वतः पाणी शेंदलं, वास घेतला, चूळ भरून पाहिली. मग डब्यावर हात ठेवून त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"गजू, खरं सांगजो. पानी असंच असते? बाराही मयने?"

"हो सिस्टर," मी म्हणालो. "बाराही महिने."

त्यांनी तीन दगडांची चूल मांडली, काटक्या पेटवल्या आणि पर्समधल्या डबीतली डाळ पातेल्यात टाकली. कुकर त्यांना चालत नसे. "कुकरमधी गोटाई शिजते," म्हणायच्या. घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. पाऊण तासानं एक दाणा बोटांत धरून दाबला, तो लोण्यासारखा पसरला आणि सिस्टर हसल्या. वरच्या बाजूचा एक दात पडलेला होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. चिमूटभर मीठ टाकून त्यांनी पहिला घास माझ्यापुढे धरला. "घे. म्या काढलेला हायस, पयला तूच खा."

मी खाल्ला.

आठवड्याभरात सातही पार्टनर झाले. देशमुख सर स्वतःहून दुकानात आले, म्हणाले, "अरे, सिस्टरच्या डाळीचं ऐकलं." दोन महिने मी नकाशे घेऊन घासलेली चप्पल एका बाजूला आणि ते मूठभर वरण एका बाजूला. खरेदी झाली, पुढच्या वर्षात लेआउटची मंजुरी आली, दगडी खुंट ठोकले गेले. बाजारात मला लोक गजूशेठ म्हणू लागले आणि मी मागे वळून बघू लागलो. 

सगळ्यांत आधी घर बांधलं ते सिस्टरांनी. बाकीच्यांना प्लॉट विकायचे होते, राहायचं कोणालाच नव्हतं. दोन खोल्या, आत स्वयंपाकाचा ओटा, पुढे गेट. सलीमभाईंनी गेट बनवून दिलं आणि मजुरी घेतली नाही, कारण त्यांच्या तिन्ही मुली सिस्टरांच्या हातच्या. जुनी विहीर लेआउट पाडताना बुजवली होती, म्हणून भिंती उभ्या राहीपर्यंत पाणी टँकरनंच आणलं होतं. बोअर सगळ्यांत शेवटी मारला. पाणी भरपूर लागलं. मजुरांनी नारळ फोडला. मी तिथेच उभा होतो, पण पाणी चाखायला पुढे झालो नाही.

चार दिवसांनी निरोप आला, जेवायला या. सगळ्या पार्टनरांना आणि मला. अण्णांनाही होता, अण्णा आले नाहीत. आम्हाला वाटलं घरभरणीचं जेवण असेल. देशमुख सरांनी तर भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं.

पूजा नव्हती, तोरण नव्हतं. सतरंजीवर ताटं मांडलेली. भाकर, ठेचा, भात आणि वरण. सिस्टरांनी स्वतः वाढलं आणि म्हणाल्या, "खा." पहिल्या घासालाच सगळ्यांची तोंडं थांबली. डाळीचा दाणा न दाणा अख्खा होता, दातांखाली कचकच आवाज यायचा. मेडिकलवाला काहीतरी विनोद करणार होता, त्यानं सिस्टरांकडे पाहिलं आणि हातातला घास ताटात परत ठेवला.

"सकायपासून चुलीवर हाय," सिस्टर म्हणाल्या. "गजू, त्या दिवशी पानी कुठलं होतं?"

खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. "टँकरचं," मी म्हणालो.

आता मला मारतील, असं मला वाटलं. मारायलाच हवं होतं. देशमुख सर उठून मला हरामखोर म्हणाले, आणखी दोघे ओरडले. पण हे किती वेळ चाललं असेल? पाच मिनिटं. मग मेडिकलवाला म्हणाला, "झालं ते झालं. आता बोंबलून भाव पडन. बाहेरगावचं गिऱ्हाईक पाहा, पावसायाच्या आत काढून टाकू." आणि देशमुख सर, पंचवीस वर्षं पोरांना सुविचार लिहायला लावणारे देशमुख सर म्हणाले, "हाव, हे बराबर हाय. सिस्टरचाई प्लॉट विकून देऊ. घर हाय म्हनून भाव जास्तच येईन." सहा जणांतल्या पाचांनी माना डोलावल्या. सलीमभाई ताटाकडे बघत राहिले, पण तोंडातून त्यांनीही शब्द काढला नाही.

 आता सिस्टरांचा आवाज असा चढला की शेजारच्या शेतातले गडी थांबून बघू लागले. "म्हंजे मले फसवलं तं मी दुसऱ्याले फसवू? उठा. उठा माह्या घरातून. हात धुवाचे असन तं बाहेर नय हाय. साबन लावून पाहा, फेस येते का."

सगळे गेले. मला त्यांनी थांबवलं. मी म्हणालो, "सिस्टर, पोलिसांत द्या मला. लिहून देतो." त्या म्हणाल्या, "तुले आत टाकून मले काय भेटन? मले पानी लागते. तुह्या घरी नगरपरिषदेचा नय हाय, गोड पानी येते. तू आनून देजो. येक दिवस आड, दोन कॅना. मी जिवंत हाय तोवर."

ही शिक्षा. पोलिसांत मी दोन दिवस बसलो असतो, जामीन झाला असता आणि गाव विसरलं असतं. तसं त्यांनी होऊ दिलं नाही. एक दिवस आड मी वीस-वीस लिटरच्या दोन कॅन स्कूटरला अडकवून भर बाजारातून जाऊ लागलो. गजूशेठचा पाणीवाला झाला. पानटपरीवरून हाका यायच्या, "काय बे, डाय शिजली का?" महिन्याभरात स्कूटर दोनदा आडवी झाली. तेव्हा सलीमभाईंनी कॅन बसतील अशी लोखंडी चौकट वेल्ड करून दिली आणि एवढंच म्हणाले, "ले जाना तो पड़ेगा, भाई."

तीन वर्षं मी पाणी वाहिलं. त्या तीन वर्षांत सिस्टरांनी माझे आभार एकदाही मानले नाहीत. कॅन उचलून ओट्यावर ठेवली की त्या झाकण काढून चाखायच्या. दर वेळी, माझ्यासमोर. मला इतका संताप यायचा की वाटायचं, कॅन तिथेच उपडी करावी. एकदा बोललोच, "आता तरी विश्वास ठेवा की!" त्या म्हणाल्या, "ठेवला होता ना येक खेप."

पण कधी कधी बसायला सांगायच्या. त्यांच्या डाळीची गोष्ट मला अशीच एका दुपारी कळली. त्या खेड्यात सुभद्रा नावाची बाई होती, तिच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. शेवटी शेवटी त्याला वरण-भात खावासा वाटे आणि घरात डाळ शिजत नसे. सिस्टर रजेच्या दिवशी एसटीनं जळगावला येत, इथल्या पाण्यात डाळ शिजवून डब्यात नेत. "तो गेल्यावर सुभद्रा मले म्हने, सिस्टर, गाव सोडू का? म्या म्हटलं, सोड. ते म्हने, जाऊ कुठी? वावर तं इथंच हाय. मंग म्या चूप बसली. इंजेक्शन देता येते मले, पानी नाई बदलता येत." एवढं सांगून त्या उठल्या आणि दाणे भाजायला लागल्या. त्या दिवसापासून मी कॅन जरा हळू ठेवू लागलो.

तरी माझा राग जात नव्हता, कारण सिस्टर माझी उरलीसुरली आशाही संपवत होत्या. माझ्या वाटणीचे प्लॉट अजून विकायचे होते. बुलढाण्याकडून, अकोल्याकडून गिऱ्हाईकं यायची. लेआउटमध्ये घर एकच, त्यामुळे माणसं चौकशीला सिस्टरांच्याच गेटवर थांबायची. सिस्टर त्यांना घरात बोलवायच्या, आमच्याकडे कोणी आलं की आधी पाणी देतात तसं तांब्या-भांडं पुढे करायच्या. पाणी बोअरचं. त्या एक शब्द बोलायच्या नाहीत. माणूस एक घोट घ्यायचा, भांडं खाली ठेवायचा आणि गाडी परत फिरायची.

गावानं या बाईला डोक्यावर घ्यायला हवं होतं. गावानं काय केलं? "सिस्टर सटकल्या," म्हणू लागले. "स्वतःचं बुडालं म्हणून म्हातारी सगळ्यांचं बुडवते," म्हणू लागले. पाइप मी धरला होता, तरी मला लोक चहा पाजायचे आणि त्यांना बघून दुकानदार आत वळायचे. ज्यांच्या पोरांना त्यांनी पहिला श्वास घ्यायला लावला, त्या घरांतून हळदीकुंकवाचं बोलावणं तर त्यांना कधी नव्हतंच, आता बारशाचंही बंद झालं. देशमुख सर एकदा भर चौकात त्यांना म्हणाले, "बाई, तुमच्या एका ग्लासानं आमचे लाखो रुपये गेले." सिस्टर म्हणाल्या, "ग्लास लहान होता, सर. नाईतं तुमाले सगयी विहीर पाजाची होती."

आणि मीही त्यातलाच. एकदा एक पक्कं गिऱ्हाईक परत गेलं तेव्हा मी कॅन आपटून ओरडलो, "तुमची डाळ शिजत नाही म्हणून माझी चूल का विझवता?" सिस्टर चुलीपाशी बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग काय करू? लोकाइच्या पोटात खडे घालून तुही चूल पेटवू?" मी गेट आपटून निघून आलो. तिसऱ्या दिवशी कॅन घेऊन पुन्हा गेलो. त्यांनी झाकण काढलं आणि पाणी चाखलं.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखू लागलं. त्यांना बुलढाण्याच्या दवाखान्यात मी नेलं, कारण न्यायला दुसरं कोणी नव्हतं. वॉर्डातल्या नर्सला त्या सलाईन कसं लावायचं ते शिकवत होत्या, दोघींचं भांडण झालं. पाचव्या दिवशी पहाटे गेल्या. आदल्या संध्याकाळी मला एवढंच म्हणाल्या, "घरी कॅन भरून ठेवली का?" मी म्हणालो, "ठेवली." या खेपेला ते खरं होतं.

चिखलीचा भाचा आला, कपाट, टीव्ही, भांडी टेम्पोत भरून घेऊन गेला. घरही तोच घेईल असं सगळ्यांनी धरलं होतं. पण सिस्टरांनी मृत्युपत्र करून ठेवलं होतं. घर आणि प्लॉट माझ्या नावावर. तहसीलपाशी कागद लिहिणारे जे गृहस्थ बसतात त्यांनीच ते लिहिलं होतं. ते म्हणाले, "म्या इचारलं, बाई, हा तं तुमाले फसवनारा मानूस, याले काऊन? तं म्हने, घर त्याले देतो असं लिवा. काऊन ते लिवू नका. त्याले मालूम हाय."

गावाला वाटलं, म्हातारीनं माफ केलं. माझ्या बायकोलाही तसंच वाटलं, ती रडली. मी रडलो नाही. मी त्यांना चांगला ओळखत होतो. माफी देणारी बाई ती नव्हती. विष पाजणाऱ्याच्याच हातात त्यांनी भांडं दिलं होतं, आता तू काय करतोस ते मी बघते म्हणून. मला वर्षभर झोपताना, उठताना त्याचा राग येत राहिला. मेल्यावरही माणसानं एवढा हट्ट धरावा?

दुकान आता नावाला उरलंय. सातबारा लोक मोबाइलवर काढतात, झेरॉक्सला कोण येतो? देणी आहेत, ती सांगत बसत नाही. घर विकलं तर सगळं निभावेल हे मला कळतं, आणि अण्णांनाही कळतं. एवढ्या वर्षांनी गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "गजूभाऊ, नवराबायको हायेत, परजिल्ह्यातले. बँकेतून रिटायर. घर पाहून खूश हायेत, पैसे नगदी. पानीबिनी पाहनारे नाहीत. अन् आता तुही म्हातारीई नाही."

मी हो म्हणालो. हेही लिहायला हवं.

रविवारी सकाळी मी घर झाडून घेतलं. घरून सतरंजी आणि दोन भांडी नेली होती, ती मांडली. सवयीनं एक कॅनही भरून नेली होती, ती ओट्यावर ठेवली. अकराच्या सुमाराला गाडी आली. भली माणसं होती. ते गृहस्थ भिंतींवर बोटांनी टकटक करून बघत होते. बाई प्रत्येक खोलीत जाऊन कुठे काय ठेवायचं ते ठरवत होत्या. भिंतीत खिळा होता तिथे हात ठेवून म्हणाल्या, "इथे कॅलेंडर." मग सतरंजीवर बसल्या, पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या, "आधी थोडं पाणी देता का?"

मी आत गेलो. ओट्यावर कॅन होती. तिच्या शेजारी बोअरचा नळ. अण्णा दारातून माझ्याकडे बघत होते, त्यांना दोन्ही दिसत होतं. मी दोन भांडी घेतली आणि नळ सोडला. अण्णांनी कपाळावर हात मारला.

बाईंनी एक घोट घेतला, थांबल्या आणि भांडं हळूच खाली ठेवलं. नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज काही बिघाड आहे का?" त्या म्हणाल्या. "की पाणी असंच असतं?"

"असंच असतं," मी म्हणालो. "बाराही महिने."